औषधाच्या चाचणीत मुख्य मोजमाप मागाहून बदलले आहे का, हे कसे तपासावे

चाचणीत काय मोजणार हे सुरुवातीआधीच जाहीर नोंदवायचे असते; शोधनिबंधाच्या सारांशाखाली त्या नोंदणीचा क्रमांक शोधा. ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असतील तर ती अमेरिकेतली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह, ‘सीटीआरआय’ असेल तर भारतातली नोंदणी. २००५ नंतर सुरू झालेल्या चाचणीला क्रमांकच नसेल तर तिच्या निकालावर भिस्त ठेवू नका.

नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची हवी. सीटीआरआयच्या नोंदीवर ती आधी झाली की मागाहून, हे लिहिलेलेच असते.

आता खरे काम. नोंदीतला प्रायमरी आउटकम (ज्यावर औषधाचे यश ठरते ते मुख्य मोजमाप) आणि निबंधातला प्रायमरी आउटकम समोरासमोर ठेवा. दोन्हीकडे ‘वेदना’ शब्द दिसला की बरोबरची खूण करून मोकळे व्हा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. चार गोष्टी जुळायला हव्यात: काय मोजले, कोणत्या मापाने, किती आठवड्यांनी, आणि आकडा कसा काढला. नोंदीत ‘१२ आठवड्यांनी ० ते १०० च्या पट्टीवर सरासरी किती फरक’ आणि निबंधात ‘६ आठवड्यांनी वेदना निम्मी झालेले रुग्ण किती’ असेल, तर ती दोन वेगळी मोजमापे आहेत. औषध निरुपयोगी असले तरी एकमेकांशी संबंध नसलेली २० मोजमापे घेतली, तर ५ टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे प्रत्येक मोजमाप निव्वळ योगायोगाने ‘यशस्वी’ दिसण्याची शक्यता ५ टक्के धरून) निदान एक तरी ‘यशस्वी’ दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्यातले नेमके तेवढेच छापले की झाले!

नोंदीची आजची आवृत्ती पुरेशी नाही. अमेरिकेच्या नोंदणीत जुन्या आवृत्त्यांचा इतिहास मिळतो; त्यातली चाचणी सुरू होण्याआधीची उघडा. आकडे कुणी पाहण्याआधी, कारण देऊन केलेला बदल चालतो. चाचणी संपल्यावर गुपचूप केलेला चालत नाही.

उलटीही तपासणी करा: नोंदवलेले कोणते मोजमाप निबंधातून गायब आहे? हे बहुतेक जण विसरतात. किशोरवयीनांच्या नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिनच्या ‘स्टडी ३२९’मध्ये आराखड्यात ठरलेल्या दोन्ही मुख्य मोजमापांवर फायदा दिसला नव्हता, तरी २००१ च्या निबंधाने औषध परिणामकारक ठरवले. २०१५ मध्ये मूळ आकडे पुन्हा तपासल्यावर फायदा आढळला नाही, अपाय मात्र आढळले. ऑक्सफर्डच्या एका गटाने मोठ्या नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या अशाच पडताळल्या, तेव्हा फक्त ९ निर्दोष निघाल्या.

तफावत सापडली आणि निबंधात तिचा खुलासा नसेल, तर नवे मोजमाप पुढच्या चाचणीत तपासायची शक्यता म्हणून बाजूला ठेवा. मूळ मोजमापाचा आकडा बहुधा तक्त्यात किंवा पुरवणीत दडलेला असतो. निकाल म्हणून तोच घ्या.