दोन पिशव्या: लंडनमधली वॉर्डाची निवडणूक आणि गावाकडची शाळा

माझ्या दारामागच्या खुंटीला दोन कापडी पिशव्या असतात. निळ्या पिशवीत क्लिपबोर्डला लावलेली मतदारयादीची पानं, पत्रकं, दोन पेनं आणि एक लाकडी उलथनं. तांबड्या पिशवीत शाळेच्या खोल्यांच्या देणगीचं पावतीपुस्तक, गिफ्ट एडचे (देणगीवरचा कर संस्थेला मिळवून देणारे) फॉर्म आणि एक वही. एका पिशवीतला कागद दुसरीत जाऊ द्यायचा नाही, हा माझा पहिला नियम. तो मी २०२२ साली दोन हजार पत्रकं रद्दीत घालून शिकले.

मी मूळची पाटण तालुक्यातल्या एका वाडीची. वडील मुंबईत माथाडी होते. २००६ साली मी लंडनला आले, इथे हिशेबनिसाची नोकरी केली आणि ५ मे २०२२ ला पश्चिम लंडनमधल्या एका वॉर्डातून अपक्ष उभी राहिले. निवडून आले नाही. गावाकडच्या शाळांचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं आणि आजही आहे. मंडळातली तरुण मुलं-मुली हल्ली विचारतात, "मावशी, सुरुवात कुठून करायची?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी यादीत नाव

भारतीय पासपोर्ट आहे म्हणजे इथे मत नाही, असं आपल्यातले पुष्कळ जण धरून चालतात. ते खरं नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, आणि पार्लमेंटच्याही निवडणुकीत मत देता येतं. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुलालाही येतं आणि त्याच्याबरोबर आलेल्या बायकोलाही. नाव ऑनलाइन नोंदवता येतं, पण मतदानाच्या बारा कामकाजाचे दिवस आधी ते झालं पाहिजे. २०२३ पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, ऑफिसचं किंवा कॉलेजचं कार्ड चालत नाही. तुम्हाला स्वतः उभं राहायचं नसलं तरी एवढं एक काम करा: तुमच्या इमारतीतल्या प्रत्येक मराठी घराला हे सांगा.

उभं राहायचं असेल तर ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी, वय अठरा पूर्ण हवं आणि त्या कौन्सिलच्या हद्दीशी नातं हवं, म्हणजे तिथल्या यादीत नाव किंवा वर्षभराचं राहणं अथवा काम. अनामत रक्कम नाही. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात, सूचक आणि अनुमोदक. पूर्वी दहा लागायच्या. अर्जाची मुदत मतदानाआधीच्या एकोणिसाव्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चारला संपते, आणि चार म्हणजे चारच. मी आठवडाभर आधी गेले म्हणून वाचले, कारण सूचकाच्या मतदार क्रमांकातला एक आकडा मी चुकवला होता. खिडकीतल्या बाईंनी तो दाखवला, मी फॉर्म घरी नेऊन दुसऱ्या दिवशी नव्याने भरून दिला.

दार

प्रचाराचं खरं काम दारावर होतं. समाजमाध्यमांवर कितीही लिहा, वॉर्डाच्या निवडणुकीत दारावर दिसलेला माणूस लक्षात राहतो.

संध्याकाळी सहा ते आठ आणि शनिवारी अकरानंतर, या वेळा मला लाभल्या. रविवारी सकाळी जाऊ नका. रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी, म्हणजे यादीतले सम-विषम क्रमांक तुटत नाहीत. घंटी वाजवली की दोन पावलं मागे या. दार उघडणाऱ्या बाईला समोर एकदम परकं माणूस दिसलं की ती दचकते, तिला तुमच्यात आणि तिच्यात जागा हवी असते. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर जाताना बंद करा. पत्रपेटीच्या फटीत बोटं घालू नका. आत कुत्रा असतो आणि झाकणाची स्प्रिंगही जोरात आपटते. पत्रक उलथन्यावर दुमडून आत सरकवायचं. ते उलथनं माझ्या आईचं, तिने भाकरीसाठी दिलेलं.

"मला मत द्या" हे वाक्य सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं, या गल्लीत काय अडतंय? आमच्या वॉर्डात तीच उत्तरं पुन्हा पुन्हा आली: गल्लीच्या तोंडाशी टाकलेल्या गाद्या आणि कचरा, पार्किंगचं परमिट, शाळा सुटताना सुसाट येणाऱ्या गाड्या. ती तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या. आणि निवडून येण्याची वाट न पाहता त्याच रात्री कौन्सिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या फेरीत त्यांना द्या. एका आजोबांनी तो क्रमांक फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. गाद्या नवव्या दिवशी उचलल्या गेल्या. मग त्यांनी स्वतः मला शेजारच्या तीन घरी नेलं.

वाद घालू नका. समोरच्याचं मत ठरलेलं असेल तर आभार मानून पुढे निघा, यादीवर खूण करा. घरात कोणी नसेल तर वेगळी खूण, आणि तिथे पुन्हा जायचं. मी निम्म्याहून जास्त दारांवर दोनदा गेले, तरीही काही दारं माझ्यासाठी कधी उघडलीच नाहीत.

आता आपल्या पाहुणचाराबद्दल. मत मिळावं म्हणून कोणाला खाऊ-पिऊ घालणं हा इथे निवडणुकीचा गुन्हा आहे. बैठकीला आलेल्यांना साधा चहा देण्यावर कोणी बोट ठेवत नाही, पण आपल्याकडे चहा एकटा येत नाही. माझ्या मैत्रिणीने घरच्या बैठकीसाठी पंचवीस जणांचं श्रीखंड-पुरीचं जेवण ठरवलं होतं. ते मला थांबवावं लागलं आणि ती दुखावली. ते जेवण आम्ही मतदानानंतर दोन महिन्यांनी, निवडणुकीचा विषयही न काढता केलं.

पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. खर्चाला मर्यादा आहे. माझ्या वेळी ती ८०६ पौंड अधिक दर मतदारामागे ७ पेन्स होती, नंतर ९६० पौंड अधिक ८ पेन्स झाली. पन्नास पौंडांवरची देणगी घेताना देणारा ब्रिटनच्या मतदारयादीत आहे का ते आधी पाहा. गावाकडच्या मामांनी प्रेमाने पाठवलेले पैसे प्रचाराला चालत नाहीत. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. निकालानंतर ३५ दिवसांत खर्चाचं विवरण द्यायचं, हरलात तरी.

ती दोन हजार पत्रकं

माझ्या पहिल्या पत्रकावर एक फोटो होता. नव्या शाळेच्या पायरीवर मी, भोवती मुलं, खाली आमच्या धर्मादाय संस्थेचं नाव. मला वाटलं, लोकांना माझं काम कळू दे. छापून आलेली खोकी दिवाणखान्यात होती. माझे निवडणूक प्रतिनिधी, आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक, यांनी एक पत्रक उचललं, चष्मा पुसला आणि संस्थेच्या नावावर अंगठा ठेवला. म्हणाले, हे जाऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये नोंदलेली धर्मादाय संस्था कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देऊ शकत नाही, तसा भासही होऊ देता येत नाही. चूक माझी आणि धोका संस्थेच्या नोंदणीला. म्हणजे त्या पायरीवरच्या मुलांना. पत्रकं गेली, नवी छापली, पैसे माझ्या खिशातले.

उलट बाजूनेही तसंच. उमेदवाराला मतदारयादीची प्रत मोफत मिळते, पण ती फक्त निवडणुकीच्या कामासाठी. त्या यादीवरून शाळेसाठी देणगी मागणं बेकायदा आहे. दारावर कोणी शाळेबद्दल आपणहून विचारलं तरी मी म्हणते, "त्यासाठी मी वेगळी येईन." प्रचाराच्या काळात मी विश्वस्त म्हणून बैठकांना बसले नाही, तांबडी पिशवी खजिनदारांकडे दिली होती.

समुद्रापलीकडे पैसा कसा जातो

इथे वर्षाचं उत्पन्न पाच हजार पौंडांवर गेलं की संस्थेची नोंदणी चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, करावी लागते. देणाऱ्याने इथे कर भरला असेल आणि फॉर्म भरून दिला असेल तर गिफ्ट एडमुळे दहा पौंडांचे साडेबारा होतात. तो फॉर्म न भरता पैसे घेणं म्हणजे मुलांच्या ताटातलं काढून घेणं आहे. मोठा जलसा करून एकदा पैसे गोळा करण्यापेक्षा चाळीस घरांनी महिन्याला दहा पौंड बँकेतून आपोआप देणं मला केव्हाही बरं वाटतं. बांधकाम हप्त्याहप्त्याने चालतं, पैसाही तसाच यायला हवा.

भारतात मात्र तो पैसा सरपंचांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या खात्यावर पाठवायचा नाही. परदेशातून येणाऱ्या देणग्यांबद्दलचा २०१० चा एफसीआरए कायदा आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती नीट समजून घ्या. परदेशी योगदान नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतं. ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा होतं. ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्चू शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष काम करणारी नोंदणीकृत संस्थाच शोधा आणि तिची नोंदणी कधी संपते ती तारीख वहीत लिहा. नोंदणी पाच वर्षांची असते.

एक बारकावा आपल्या लोकांना माहीत नसतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. तोच माणूस ब्रिटिश नागरिक झाला की धरली जाते. माझंही तसंच झालं. नागरिकत्वाच्या समारंभाआधी मी गावाला देत होते ते माझं घरचं देणं होतं, नंतर ते परदेशी झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण कायदा आहे आणि तो पाळूनच काम टिकतं.

बांधण्याआधी वाडी फिरा

लंडनमध्ये शिकलेली दारावर जायची पद्धत मला गावात जास्त उपयोगी पडली. सुरुवातीला आम्ही इथे बसून ठरवलं होतं: दोन वर्गखोल्या. मी गेले तेव्हा सरपंचांनी सभागृह हवं म्हणून सांगितलं. मुख्याध्यापकांना संगणक हवे होते. मग मी दोन दिवस घरोघर हिंडले. एका अंगणात एक बाई नाचणी पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "खोल्या बांधा ताई, पण आधी पोरींना मुतारी बांधा. माझी सातवीतली पोर दिवसभर पाणी पीत नाही." धनगरवाड्यावर गेले तर तिथल्या आयांचं म्हणणं आणखी वेगळं. पावसाळ्यात ओढा भरला की मुलं शाळेपर्यंत पोचतच नाहीत. त्यांना साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हवा होता.

मुतारी आणि पाण्याची टाकी आम्ही बांधली. साकव बांधणं आमचं काम नव्हतं. तो पंचायतीचा आणि जिल्हा परिषदेचा हक्काचा खर्च. त्यासाठी आयांनी ग्रामसभेत ठराव मांडला, मी फक्त अर्ज लिहायला बसले. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळाविरहित वाट, कुंपण, हे सगळं आहे. सरकारने द्यायचं ते देणगीतून देऊन टाकलं की सरकारची जबाबदारी विसरली जाते. आधी मागा, लेखी मागा, अडलंच तर बांधा.

आणि पट विचारा. वीसच्या खालच्या पटाच्या शाळांवर बंद होण्याची टांगती तलवार असते. जिथे पुढच्या पाच वर्षांत मुलं किती असतील हे अंगणवाडीच्या वहीवरून दिसत नाही, तिथे पाया खणू नका. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाशीही बोला. कोणतं कुटुंब परत येणार, कोणतं नाही, हे त्यांना पंचायतीपेक्षा आधी कळतं.

शाळा जिल्हा परिषदेची असेल तर क्रम असा: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, जुनी खोली पाडायची तर तिच्या निर्लेखनाचा (सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मग परवानगी. कागद हलायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात कागद आणि दिवाळीनंतर पाया. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या, त्यांना बिलं दाखवा. आम्ही सिमेंटच्या प्रत्येक बिलाची झेरॉक्स शाळेच्या भिंतीवर चिकटवतो.

स्लॅब मेमध्ये टाकू नका. आम्ही पहिल्यांदा टाकला. पाटणला पाऊस धो-धो, पण एप्रिल-मेमध्ये डोंगरावरचे झरे आटतात. स्लॅबवर मातीची आळी करून दोन-तीन आठवडे पाणी साठवायचं असतं, ते पाणीच नव्हतं. बायका पिण्याचं पाणी हंड्याने आणत असताना स्लॅबला पाणी कुठल्या तोंडाने मागणार? मृग लागला आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातून धार सुरू झाली. आता आम्ही स्लॅब जानेवारीत उरकतो, टँकरचे पैसे अंदाजपत्रकातच धरतो, आणि दहा टक्के रक्कम पहिला पाऊस बघितल्याशिवाय ठेकेदाराला देत नाही.

उद्घाटनाचा खर्च करू नका. दर ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांना फोन करा आणि विचारा, कुठल्या कोपऱ्यात ओल आहे? मग एखाद्या आईला करा आणि तेच विचारा. मागच्या वेळी गुरुजी म्हणाले, सगळं ठीक. नाचणी पाखडणारी बाई म्हणाली, मुतारीची कडी तुटलीय, पोरी एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहतात. कडी त्याच आठवड्यात बसली.