अंजन गवताचे बी पेरताना

हलक्या, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या जमिनीत आणि कमी पावसाच्या भागात बहुवर्षीय कुरण तयार करायचे असल्यास अंजन गवत हा भरवशाचा पर्याय आहे. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मात्र त्याचा आग्रह धरू नये. या गवताच्या ताज्या बियाण्यात सुप्तावस्था (बी जिवंत असूनही न उगवण्याची स्थिती) असल्यामुळे नुकतेच काढलेले बी लगेच न पेरता, काही महिने कोरड्या जागी साठवून मगच वापरावे. (उगवण फसल्याचा दोष पुष्कळदा उगाच पावसाला दिला जातो.) बी केसाळ आणि वजनाला अतिशय हलके असल्याने वाऱ्यावर उडते व एकमेकांत अडकते, म्हणून हेक्टरी सुमारे ५ किलो बी ओलसर मातीत मिसळून, पावसाळा सुरू होताच, ५० सेंटीमीटर अंतरावरील ओळींत पेरावे आणि ते एक-दीड सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पहिल्या वर्षी जनावरे चरायला सोडू नयेत, कारण मुळे घट्ट धरण्याआधीच ठोंब उपटले जातात. फुलोरा सुरू होताना, जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर उंचीवर कापणी केल्यास चारा सकस मिळतो आणि नवा फुटवाही जोमाने येतो.