टोस्टमास्टर्स क्लबला आलेला पाहुणा सभासद कसा होईल?

टोस्टमास्टर्स म्हणजे लोकांपुढे बोलण्याचा सराव करणाऱ्यांचे क्लब. त्यांच्या मीटिंगला पाहुणा म्हणून बसायला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे पाहुणे येतात. अडचण नंतरची असते. दीड-दोन तास बसून, टाळ्या वाजवून, ‘छान वाटलं’ म्हणून माणूस जातो तो जातोच. मग समिती पोस्टर आणि रील्सच्या मागे लागते. माझ्या मते ती मेहनत चुकीच्या जागी होते. पाहुणा सभासद होतो तो बहुधा दोन कारणांनी: पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून चार वाक्यं निघाली आणि कोणीतरी त्याला सरळ विचारलं. बाकीचं सगळं या दोन गोष्टींची तयारी.

१. मीटिंगच्या आधी

आदल्या दिवशी जागेचं लोकेशन, वेळ आणि एका माणसाचा फोन नंबर पाठवा. क्लब एखाद्या कंपनीच्या इमारतीत भरत असेल तर गेटवर पाहुण्याचं नाव देऊन ठेवा. सिक्युरिटीशी हुज्जत घालून वर आलेला माणूस बोलायच्या मनःस्थितीत नसतो.

२. शेजारी कोणीतरी बसा

दारात स्वागत सार्जंट ॲट आर्म्स (मीटिंगची व्यवस्था बघणारा पदाधिकारी) करतो, पण नंतर पाहुणा मागच्या रांगेत एकटा पडतो. टायमर (वेळ मोजणारा), ग्रामेरियन (भाषेकडे लक्ष ठेवणारा), आह काउंटर (‘अं-आं’ मोजणारा), जनरल इव्हॅल्युएटर (सगळ्या मीटिंगवर अभिप्राय देणारा) ही नावं ऐकताना त्याची अवस्था दुसऱ्यांच्या घरच्या लग्नविधीला बसल्यासारखी होते. एका जुन्या सभासदाने शेजारी बसून कुजबुजत सांगावं: टायमरचं हिरवं कार्ड म्हणजे किमान वेळ झाली, पिवळं म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे थांबा.

बोलता बोलता तो का आला हे काढून घ्या. मुलाखत आहे, टीम लीड झालोय, सोसायटीच्या सभेत बोलता येत नाही. कारण नेमकं असतं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. ‘इंग्लिश सुधारायचंय’ हे उत्तर आपल्याकडे हमखास येतं. हा इंग्रजीचा क्लास नाही, हे तेव्हाच सांगा. मराठीतून आणि दोन भाषांतून चालणारे क्लबही आहेत. पाहुण्याला तसा क्लब बरा पडणार असेल तर बेलाशक पत्ता द्या, तुमचा एक सभासद कमी झाला तरी चालेल.

३. त्याला बोलू द्या

१९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे पहिला टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला, तेव्हापासून मूळ कल्पना एकच आहे: प्रत्येकाने बोलायचं आणि बरोबरीच्यांनीच अभिप्राय द्यायचा. नुसतं बघून यातलं काही कळत नाही. टेबल टॉपिक्स, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या प्रश्नावर बोलण्याचा भाग, ही पाहुण्यासाठी सर्वात सोपी जागा, कारण तिथे सभासदही तयारीशिवायच उठतात.

मात्र अचानक नाव पुकारू नका. चहाच्या वेळीच विचारा, ‘एक प्रश्न घ्याल का? नाही म्हटलंत तरी चालेल.’ दोन-तीन सभासद बोलून झाले की त्याला बोलवा. प्रश्न साधा हवा: गावाकडची एखादी गोष्ट, पहिला पगार, आवडता पदार्थ. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता शाप की वरदान’ हा विषय पाहुण्याच्या गळ्यात मारू नये. नियमाने एक ते दोन मिनिटं असतात, पण त्याने चाळीस सेकंदांत संपवलं तरी टाळ्या तितक्याच वाजवा. आह काउंटरने पाहुण्याचे ‘अं… म्हणजे… सो’ अहवालात मोजू नयेत. बोलण्यावर अभिप्राय देणाऱ्या इव्हॅल्युएटरने मात्र एक खरी चांगली गोष्ट नेमकेपणाने सांगावी. ‘आत्मविश्वास छान होता’ असं नाही, तर ‘आजीच्या चुलीचं बोलताना तुम्ही सगळ्यांकडे बघत होतात’ असं.

४. भीड सोडून विचारा

इथे आपण हमखास कच खातो. पैशाचं कसं काढायचं म्हणून ‘काही घाई नाही, विचार करून सांगा’ म्हणतो आणि समोरचा त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतो. मीटिंग संपताच मेंबरशिप सांभाळणाऱ्या उपाध्यक्षाने आकडा सांगावा. ऑक्टोबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा महिन्यांना ६० डॉलर झाली आहे आणि नव्या सभासदाला एकदाच २० डॉलर जास्त पडतात. क्लबची स्वतःची फी असेल तर ती धरून एकूण रुपये किती, हे कागदावर लिहून द्या. वर्गणीचा काळ एप्रिल आणि ऑक्टोबरपासून धरतात; मध्येच येणाऱ्याला उरलेल्या महिन्यांचेच भरावे लागतात, हेही सांगा. मग विचारा, ‘फॉर्म आज भरायचा का?’

५. दुसऱ्या दिवशी मेसेज

ग्रुपवरचा सरसकट ‘थँक्यू फॉर कमिंग’ उपयोगाचा नाही. त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट लिहा, पुढच्या मीटिंगची तारीख द्या आणि टायमरचं काम कराल का, असं विचारा. काम असलं की माणूस येतो. तिसऱ्या भेटीनंतरही नाही म्हणाला तर मोकळेपणाने सोडून द्या.

६. फॉर्म भरल्यावर

सभासदांच्या मताने प्रवेश झाला की त्याच आठवड्यात मेंटॉर द्या आणि आइसब्रेकरची तारीख ठरवा. स्वतःची ओळख करून देणारं हे चार ते सहा मिनिटांचं पहिलं भाषण पुढे ढकललं जात राहिलं, तर नूतनीकरणाच्या वेळी तो फोन उचलणार नाही.

टोस्टमास्टर्सचं वर्ष ३० जूनला संपतं. ‘डिस्टिंग्विश्ड क्लब’ हा संस्थेकडून चांगल्या क्लबला मिळणारा मान; त्याच्या गुणांसाठी नवे सभासद मोजले जातात, म्हणून जूनमध्ये ओळखीपाळखीच्यांची नावं घालायचा मोह होतो. अशा भरतीतल्यांना ऑक्टोबरची वर्गणी मागायला जाणं नव्या समितीच्या नशिबी येतं.