पहिली ई-सिगारेट घेताय? या चुका टाळा

सिगारेट सोडायची म्हणून ई-सिगारेट आणली. चार दिवस ओढली, घसा धरला, तलफ काही भागेना, त्यात लिक्विड खिशात सांडलं आणि पाकीट पुन्हा हातात आलं. असं झालेला माणूस 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून मोकळा होतो. खरं तर बहुतेक वेळा उपकरण खराब नसतंच. उपकरण, त्यात भरलेलं लिक्विड आणि ओढण्याची पद्धत या तिघांचा मेळ बसलेला नसतो. विश्वासार्ह उपकरण म्हणजे महाग किंवा भरपूर बटणांचं नव्हे. तलफ आली की जे दर वेळी तितकंच काम देतं, ते विश्वासार्ह.

आधी एक स्पष्ट करतो. हा लेख रोज सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो सिगारेट ओढत नाही त्याने यातलं काहीही घ्यायचं कारण नाही. वाफेत जळालेल्या तंबाखूचा टार आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो, पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही आणि निकोटिनची सवय तर लागतेच. गरोदरपणात किंवा हृदयाचा आजार असेल तर दुकानाआधी डॉक्टर.

कायदा न बघता खरेदी

ही चूक पहिली, कारण ती पुढच्या सगळ्यावर पाणी फिरवते. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवण यांवर बंदी आहे. सिंगापूरमध्ये नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. उलट ब्रिटनमध्ये ती प्रौढांना खुलेआम मिळते आणि तिच्यावर नियमांचा पहारा असतो. बंदी असलेल्या ठिकाणी जो माल हाती येतो तो चोरटा असतो. त्यात काय भरलंय, बॅटरी कुठली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे 'विश्वासार्ह' या शब्दाला अर्थच राहत नाही. अशा ठिकाणी निकोटिनचं च्युइंगम, कातडीला चिकटवायचा पॅच आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं हाच मार्ग. पुढचं सगळं जिथे विक्री कायदेशीर आहे तिथल्या खरेदीबद्दल आहे.

मोठ्या ढगांची भुरळ

व्हिडिओत एखादा खोली भरेल एवढी वाफ सोडतो आणि नवखा माणूस तसंच उपकरण मागतो. पण सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो आणि मग छातीत. ढगवाली उपकरणं थेट छातीत ओढण्यासाठी बनवलेली असतात. त्यांची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, ०.५ ओहमच्या खाली (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), ताकद, म्हणजे वॅट, भरपूर, हवा मोकळी. सिगारेटची सवय असलेल्याला तिथे ना ओळखीचा ताण लागतो, ना घशाला तो हलका झटका. लागतो तो फक्त ठसका.

पहिल्यांदा घ्यायचं तर घट्ट ओढीचं साधं पॉडवालं उपकरण घ्या (पॉड म्हणजे लिक्विड भरायची, काढता येणारी छोटी डबी). कॉइल साधारण ०.८ ते १.२ ओहमची आणि ताकद १० ते १५ वॅटच्या आसपास असावी. ओढताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. हवेची भोकं कमी-जास्त करता येत असतील तर उत्तम. वॅट बदलण्याचे दहा पर्याय, रंगीत पडदा, पफ मोजणारा आकडा यांपैकी काहीही सुरुवातीला लागत नाही. ओढलं की आपोआप चालू होणारं उपकरण बटणवाल्यापेक्षा नवख्याला सोपं पडतं. मात्र वाऱ्यात किंवा जोरदार आवाजाने त्याचा सेन्सर कधीमधी नको तेव्हा जागा होतो.

खरेदी करताना दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: याच्या बदली कॉइल किंवा पॉड सहा महिन्यांनी मिळतील का? नव्या मॉडेलच्या हौसेपोटी जुन्याचे सुटे भाग बाजारातून गायब होतात, आणि चांगलं चाललेलं उपकरण एका कॉइलपायी बाद होतं.

निकोटिन भीत भीत घेणं

माझ्या मते सर्वांत जास्त लोक इथेच घसरतात. 'सोडायचंच आहे तर कमी निकोटिन घेऊ' हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण दिवसाला पाकीट संपवणाऱ्याने घट्ट ओढीच्या पॉडमध्ये ३ मिलिग्रॅमचं, म्हणजे दर मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम निकोटिन असलेलं, लिक्विड भरलं तर तलफ भागत नाही. मग तो दिवसभर उपकरण तोंडाला लावून बसतो, कॉइल जाळतो आणि संध्याकाळी सिगारेट पेटवतो. सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. ई-सिगारेटचं बहुधा हळू पोचतं. म्हणून सुरुवातीला पुरेसं निकोटिन लागतं, ते नंतर कमी करता येतं.

ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ जणांना समुपदेशन होतंच. त्याच्या जोडीला एका गटाला पुन्हा भरता येणारी साधी ई-सिगारेट आणि १८ मिलिग्रॅमच्या लिक्विडची एक बाटली दिली, दुसऱ्याला पॅच-च्युइंगमसारखे पर्याय. वर्षभराने पहिल्या गटातले १८ टक्के आणि दुसऱ्यातले ९.९ टक्के सिगारेटपासून दूर होते. उपकरण भारी नव्हतं, हे लक्षात घ्या. निकोटिन मात्र पुरेसं होतं. याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ई-सिगारेटच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेर ई-सिगारेट ओढतच होते. म्हणजे एक सवय गेली, दुसरी उरली.

ढोबळ अंदाज असा: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सवय घट्ट आहे, तेव्हा १८ ते २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. दिवसाला चार-पाच असतील तर निम्म्यावर भागेल. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही कमाल मर्यादाच आहे. एवढ्या तीव्रतेचं साधं, म्हणजे फ्रीबेस, निकोटिन घशाला बोचतं. निकोटिन सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असल्याने ते मऊ लागतं. घट्ट ओढीच्या पॉडला ते छान जुळतं. तेच सॉल्ट ढगवाल्या उपकरणात भरलं की मात्र डोकं गरगरतं.

आणखी एक घोटाळा बाटलीवरच्या आकड्यांचा. कुठे मिलिग्रॅम लिहितात, कुठे टक्के. २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम. '३' पाहून ३ मिलिग्रॅम समजलात आणि ते ३ टक्के निघालं तर दहापट निकोटिन पोटात... म्हणजे फुप्फुसात. मळमळ, उचकी, डोकेदुखी, धडधड ही जास्त झाल्याची खूण. उपकरण बाजूला ठेवा, पाणी प्या, पुढच्या वेळी तीव्रता उतरवा. लिक्विड हाताला लागलं तर लगेच धुवा. मुलाने चुकून प्यायलं तर त्रास दिसायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. बाटली मुलांच्या हाती न लागेल अशीच ठेवायची.

दिसेल ते लिक्विड भरणं

लिक्विडमध्ये प्रामुख्याने दोन द्रव असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीजी, आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी. पीजी पातळ आणि घशाला जाणवणारं. व्हीजी दाट, ढग करणारं. छोट्या पॉडला निम्मं-निम्मं मिश्रण मानवतं. ७० टक्के व्हीजीचं दाट लिक्विड छोट्या कॉइलच्या कापसात वेळेवर झिरपत नाही आणि कापूस कोरडा जळतो. लोक दोष देतात कॉइलला.

पीजीने काहींचा घसा कोरडा पडतो, त्यांनी पाणी जास्त प्यावं किंवा व्हीजी जरा वाढवावं. फार गोड लिक्विडातलं सुक्रालोज कॉइलवर करपून काळा थर बसवतं. अशी कॉइल एरवीच्या निम्म्या काळातही दम तोडते.

घरचं तेल, अत्तर, खाण्याचा इसेन्स, जीवनसत्त्वाचं तेल यांतलं काहीही आत घालू नका. तेलाची वाफ फुप्फुसाला मानवत नाही. २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेटमुळे फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली, तिचा मुख्य संबंध चोरट्या बाजारातल्या गांजाच्या द्रव्याच्या कार्ट्रिजशी आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८.

सिगारेटसारखा झुरका मारणं

सिगारेटचा झुरका छोटा आणि जोरदार असतो. तसाच मारला की पॉडमध्ये लिक्विड कॉइलवर खेचलं जातं, गुडगुड आवाज येतो आणि जिभेवर गरम थेंब उडतात. इथे तीन-चार सेकंद सावकाश ओढायचं. दोन झुरक्यांत थोडं थांबायचं, कारण कापसाला पुन्हा भिजायला वेळ लागतो.

जळका वास हा नवख्यांचा सर्वांत मोठा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. नवी कॉइल बसवली की लगेच ओढायचं नाही. कापसावर दोन-तीन थेंब लिक्विड टाका, टँक भरा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग बटण न दाबता दोनदा हलकं ओढा, त्याने लिक्विड आत खेचलं जातं. ओढीनेच चालू होणाऱ्या पॉडमध्ये ही शेवटची पायरी वगळा. वॅट कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून सुरू करा.

एवढं करूनही जळका वास आला तर क्रमाने तपासा. लिक्विड कॉइलच्या भोकांच्या खाली गेलंय का? लिक्विड फार दाट आहे का? वॅट जास्त आहे का? लागोपाठ ओढताय का? हे सगळं ठीक असेल तर कापूस जळून गेलाय आणि तो धुऊन परत येत नाही. कॉइल बदला. सामान्य वापरात कॉइल एक-दोन आठवडे टिकते. चव बोथट झाली, लिक्विड काळपट दिसलं की तिचे दिवस भरले. पैसे वाचवायला करपट कॉइल ओढत राहणं ही बचत नव्हे, करपलेल्या कापसाची वाफ घेणं आहे.

गळती आणि लुकलुकणारा दिवा

गळतीची कारणं थोडीच असतात: मधल्या नळीत लिक्विड ओतणं, काठोकाठ भरणं, कॉइल नीट न दाबणं, रबरी रिंग दुमडणं, उपकरण उन्हात तापणं. विमानात हवेचा दाब घटतो तेव्हा भरलेलं पॉड हमखास पाझरतं, म्हणून प्रवासाआधी रिकामं करा. पॉडखाली दिसणारी थोडी ओल ही गळती नसून थंड होऊन द्रव झालेली वाफ असते, कागदाने पुसली की झालं.

दिवा लुकलुकतो आणि वाफ येत नाही तेव्हा आधी चार्ज करा. मग पॉड काढून दोन्हीकडचे धातूचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. बरेचदा एवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर पॉड बदलून पाहा. दुसऱ्या पॉडवर चाललं तर दोष पॉडचा, दोन्हीवर बंद तर उपकरणाचा. दिव्याच्या झपक्यांचा अर्थ प्रत्येक उपकरणात वेगळा असल्याने माहितीपत्रक फेकून देऊ नका.

बॅटरीशी खेळ

इथे मी कसलीही सवलत देणार नाही. पहिलं उपकरण आतच बसवलेल्या बॅटरीचं आणि शॉर्ट सर्किटपासून आपोआप बंद होणारं असावं. १८६५० सारख्या सुट्या बॅटरीची उपकरणं नंतर बघता येतील, आणि कोणतंही संरक्षण नसलेला, बॅटरी थेट कॉइलला जोडणारा मेकॅनिकल मॉड तर नवख्याने हातात धरूच नये. पूर्ण चार्ज बॅटरी ४.२ व्होल्टची असते, तिला ०.२ ओहमची कॉइल जोडली की २१ अँपिअर प्रवाह वाहतो, जो बऱ्याच बॅटऱ्यांना पेलत नाही. बॅटरी फुटते ती अशी.

सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात ठेवणं, फाटक्या वेष्टनाची बॅटरी वापरणं, लॅपटॉपचा ताकदवान चार्जर लावून उशाशी ठेवून झोपणं, गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर सोडणं ही अपघाताची नेहमीची कारणं. फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. विमानात ई-सिगारेट हातातल्या सामानात ठेवायची, चेक-इन सामानात द्यायची नाही आणि विमानात चार्जही करायची नाही.

स्वस्तात नकली, आणि दोन्ही डगरींवर हात

नामांकित उपकरणांच्या नकला भरपूर असतात. खोक्यावरचा खरडायचा कोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. छपाई पुसट, लिक्विडवर घटक किंवा मुदतीची तारीख नाही, निकोटिनचा आकडा नाही, तर ते परत द्या. वापरून फेकायच्या उपकरणाने सुरुवात सोपी वाटते, पण त्याची तीव्रता बदलता येत नाही. ब्रिटनने जून २०२५पासून त्यांची विक्री बंदच केली.

आणि शेवटी, सिगारेट आणि ई-सिगारेट दोन्ही महिनोन्‌महिने चालू ठेवणं. दिवसाच्या वीसवरून दहावर आलात तरी धूर चालूच असतो आणि हृदयाला इजा करायला थोडा धूरही पुरतो. सुरुवातीचे काही दिवस दोन्ही चालले तर हरकत नाही. पण महिन्याभरानंतरही सकाळची पहिली सिगारेट सुटत नसेल तर उपकरण बदलण्याआधी निकोटिनची तीव्रता तपासा, गरज पडली तर जोडीला पॅच लावण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सिगारेट पूर्ण थांबून काही आठवडे झाले की मगच तीव्रता टप्प्याटप्प्याने उतरवा: २० वरून १०, मग ६. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे थांबा, आणि तलफ सिगारेटकडे ओढू लागली तर बिनदिक्कत एक पायरी मागे या.