थंडीत सायकलने कामावर जाताना या चुका टाळा

थंडी वाढली की सायकलने कामावर जाणारे कित्येक जण ‘आता गारठा सोसत नाही’ म्हणून सायकल कोपऱ्यात उभी करतात. त्यांची नीट विचारपूस केली, तर त्रासाचे मूळ बहुतेक वेळा अंगावर साचलेल्या घामात सापडते. घरातून निघताना ऊब वाटेल इतके कपडे घालणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक असून तीच सोडायला नवशिके सर्वांत नाखूष असतात. पॅडल मारू लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शरीर तापते, जाड जॅकेटच्या आत घाम धरतो आणि सुती बनियन तो शोषून ओलेच राहते. मग सिग्नलला थांबताच किंवा उतार लागताच तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेऊ लागतो.

माझ्या एका सहकाऱ्याने या बाबतीत कोणाचेही ऐकायचे नाही असे ठरवले होते. स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर जाडजूड जॅकेट असा त्याचा थाट असे. एका सकाळी वाटेत त्याचे मागचे चाक पंक्चर झाले आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला कुडकुडत उभा होता, कारण पॅडल थांबले होते आणि आतले सगळे कपडे घामाने चिंब झाले होते. बोटे इतकी बधिर झाली होती की त्याला टायर रिमवरून सोडवता येईना. त्याच्याकडे पंक्चरचे सोल्यूशन आणि पॅच होते, परंतु थंडीत सोल्यूशन सुकायला वेळ लागतो आणि तेवढा धीर त्याच्यापाशी नव्हता. त्याने ओल्यावरच पॅच दाबला आणि हवा भरताच तो सुटला. शेवटी मी माझ्याकडची जादा ट्यूब त्याला दिली आणि चाक मीच बसवले.

म्हणून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. अंगालगत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा पातळ लोकरी कपडा, त्यावर वारा अडवणारे आणि समोरून चेन उघडता येणारे पातळ जॅकेट, एवढ्यावर साधारण गारठ्यात भागते. वाचलेली जाडी हातमोज्यांवर खर्च करावी, कारण बोटे हँडलवर स्थिर असतात, वारा थेट त्यांच्यावर येतो आणि ब्रेक त्यांनाच दाबायचा असतो. जादा ट्यूब आणि कोरडा शर्ट पिशवीत असलेच पाहिजेत.

दुसरी चूक साखळीची, आणि तिच्याबद्दल मला खरोखर चीड येते. साखळी करकरू लागली की बरेच जण गंज सोडवणारा पातळ स्प्रे मारतात, आवाज बंद होतो आणि काम झाले असे मानतात. असा स्प्रे आत उरलेले वंगण विरघळवतो आणि स्वतः फार काळ टिकत नाही, त्यामुळे साखळी काही दिवसांत पूर्वीपेक्षा अधिक कोरडी होते. दव, चिखल आणि जिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ते मीठ, हे सारे तिला झपाट्याने गंजवते. ओली साखळी घरी आल्यावर फडक्याने पुसावी, वाळू द्यावी, प्रत्येक कडीवर साखळीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वर राहिलेले तेल पुसून काढावे. शेवटची पायरी गाळणाऱ्यांच्या साखळीवर चिकट काळा थर चढतो आणि ते दोष तेलाला देतात. या कामाला शॉर्टकट नाही आणि तो शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात साखळी दोनदा पुसून होते.

टायरमधील हवेकडे तर कोणी पाहतच नाही. घरात २५ अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेले टायर बाहेर ५ अंशांत सुमारे ५५ वर येते, म्हणून गारठा वाढला की दाब पुन्हा मोजावा.

दिव्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून सायकल बाहेर उभी केल्यावर दिवा काढून खिशात ठेवावा. गोठणबिंदूखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करू नये, ती कायमची बिघडू शकते.

मास्कमुळे चष्म्याच्या काचेवर वाफ धरत असेल, तर नाक मोकळे ठेवावे.

सकाळचा सूर्य खाली असतो. तो तुमच्या डोळ्यांवर येत असेल, तर मागून येणाऱ्या वाहनचालकाच्याही डोळ्यांवर येत असतो, म्हणून भर उजेडातही मागचा लाल दिवा लावावा.

ओली पाने, रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे यांवर वळत-वळत ब्रेक दाबू नये, वेग आधीच कमी करून सरळ जावे. जिथे पाणी गोठते तिथे पूल सर्वांत आधी निसरडे होतात, कारण त्यांना खालूनही गार वारा लागतो. अशा पुलावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर दिसला, तर मी खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेतो आणि कार्यालयात दहा मिनिटे उशिरा पोहोचतो.