क्रॉसओव्हर इव्हेंट वाचायला घेण्याआधीची तयारी

क्रॉसओव्हर इव्हेंट म्हणजे कॉमिक्समधल्या अनेक हिरोंना एकत्र आणणारी एक मोठी गोष्ट, ती एका मेन सिरीजमधे असते आणि बाकीच्या सिरीजमधेही पसरते. तर सगळ्यात आधी आपला माणूस ठरवायचा. कव्हरवर जी पन्नास-साठ जणांची गर्दी असते त्यातलं कोण आपल्याला खरंच माहितीये, कोणाचं काही बरंवाईट झालं तर आपल्या जिवाला लागेल, असं एक तरी नाव पाहिजे, आणि नसेल तर तो इव्हेंट आत्ता बाजूला ठेवायचा आणि त्यातल्या कुठल्याही एका हिरोचे साधे दहा-बारा अंक आधी वाचून यायचे. इव्हेंट वाचण्यासारखे असतात का असं कोणी विचारलं तर मी मनापासून हो म्हणतो, पण या एका अटीवर. कारण इव्हेंटची गोष्ट बऱ्याचदा साधीच असते, आभाळ फाटतं, शहरं कोसळतात, सगळे एकत्र येऊन लढतात. त्याला वजन येतं ते आपण आधीपासून जे घेऊन आलेलो असतो त्याने. १९८५ च्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्सच्या ८व्या अंकात फ्लॅश, म्हणजे बॅरी अ‍ॅलन, एकटा धावत राहतो, शत्रूची पृथ्वीवर रोखलेली तोफ फुटेपर्यंत धावतो आणि धावता धावता संपतो, तिथे त्याचे मित्र कोणीच नसतात बघायला. बॅरी माहीत नसेल तर हे लाल कपड्यातल्या एका माणसाचं मरण आहे. माहीत असेल तर पुढचं पान उलटवत नाही.

मग मेन सिरीज किती अंकांची ते बघून घ्यायचं. लोक आकडा न बघताच घाबरतात. सीज ४ अंकांची आहे, फ्लॅशपॉइंट ५, इन्फिनिटी गॉन्टलेट ६, सिव्हिल वॉर ७, हाऊस ऑफ एम ८. एक अंक साधारण वीस-पंचवीस पानांचा, म्हणजे यातलं काहीही एका दुपारी होतं. अपवाद क्रायसिसचा, ते १२ अंक आहेत आणि चित्रकार जॉर्ज पेरेझने एकेका पानात इतकी माणसं आणि इतके छोटे पॅनल भरलेत की दिवसाला दोनच्या वर वाचले तर डोळे नुसते वरून फिरतात, त्याला आठवडा द्या. आणि हे फोनवर एकेक पॅनल मोठा करून वाचू नका प्लीज, पूर्ण पान एका नजरेत दिसलंच पाहिजे, छापील कलेक्टेड एडिशन, म्हणजे सगळे अंक एकत्र बांधलेलं पुस्तक, नाहीतर मोठा टॅबलेट.

आता टाय-इन, म्हणजे बाकीच्या सिरीजमधले इव्हेंटला जोडलेले अंक, कारण माणूस अडकतो तो इथेच. इव्हेंट चालू असताना पब्लिशर बाकीच्या चालू सिरीजही त्यात ओढून घेतात, कुठल्या लेखकाला त्यातून काहीतरी सापडतं आणि कुठल्या बिचाऱ्याला आपली गोष्ट अर्ध्यात थांबवून दोन महिने इव्हेंटचं काम करावं लागतं, आणि हे वाचताना लगेच कळतं. रीडिंग ऑर्डरच्या लांबलचक याद्या मिळतात, त्या पहिल्यांदा वाचताना उघडायच्याच नाहीत. नियम एवढाच ठेवायचा की मेन सिरीज सलग वाचायची, जिथे खड्डा जाणवला तिथे खूण करायची, आणि मग फक्त तो खड्डा भरणारा टाय-इन शोधायचा, शिवाय आपल्या माणसाचा. सिव्हिल वॉरमधे स्पायडर-मॅन, म्हणजे पीटर, आधी सरकारच्या बाजूला असतो आणि मग पक्ष बदलतो, मेन सिरीजमधे ते घाईत उरकलंय, पण त्याच्या स्वतःच्या सिरीजमधे तो सरकारने पकडलेल्या हिरोंना कोंडलेली जागा बघायला जातो आणि तिथून परत आलेला पीटर वेगळा असतो, ते वाचल्याशिवाय त्याचा निर्णय पटत नाही. काही इव्हेंट मात्र एवढं ऐकत नाहीत. फायनल क्रायसिस ७ अंकांची आहे, पण सुपरमॅन बियॉन्ड नावाचे २ अंक मधे वाचले नाहीत तर शेवटच्या अंकातला शत्रू कुठून उपटला तेच कळत नाही. तसंच इन्फिनिट क्रायसिस उघडताना वंडर वुमनवर सुपरमॅन आणि बॅटमन एवढे का चिडलेत याचं उत्तर तिच्या सिरीजच्या २१९व्या अंकात आहे, आणि तो अंक आधीच वाचून ठेवायचा.

आधी काय घडून गेलंय याचीही थोडी चौकशी करून ठेवा, हे मी स्वतः चुकलोय म्हणून सांगतोय. २०१५ चं सीक्रेट वॉर्स मी थेट पहिल्या अंकापासून घेतलं, चित्रं बघून थक्क झालो आणि गोष्ट काही म्हणता काही कळली नाही, खलनायक डूम देव कसा झाला, त्याचा जुना वैरी रीड त्याच्याकडे असं का बघतो. वर्षभर ते पुस्तक तसंच पडून होतं. मग जोनाथन हिकमननेच लिहिलेली न्यू अव्हेंजर्स, २०१३ ला सुरू झालेली, पहिल्यापासून वाचली, ज्यात दोन पृथ्व्या एकमेकींवर आदळायला येतात आणि आपली वाचवायची तर दुसरी नष्ट करायची का हा प्रश्न मोजक्या लोकांच्या बंद खोलीत सुरू होतो, कॅप्टन अमेरिका नाही म्हणतो तर त्याची आठवणच पुसून टाकतात. ते सगळं वाचून सीक्रेट वॉर्सला परत आलो तेव्हा शेवटच्या अंकातल्या रीड आणि डूमच्या भांडणाला मी रडलो. तेच ९ अंक, तेच पुस्तक.

शक्यतो संपलेला इव्हेंट घ्या, चालू असलेला नको. याच सीक्रेट वॉर्सचे आधी ८ अंक ठरले होते, मग ९ झाले, उशीर होत गेला आणि शेवटचा अंक २०१६ च्या जानेवारीत आला, तोपर्यंत त्याच्या नंतरच्या काळातल्या नव्या सिरीज बाजारात येऊन कित्येक आठवडे झाले होते. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला वाचलं त्यांना शेवट आधी कळला आणि मग वाचायला मिळाला. पूर्ण झालेलं एका दमात वाचताना हा त्रासच नाही.

जाहिरातीत सगळं कायमचं बदलणार असं लिहिलेलं असतं, त्या आशेवर वाचू नका. स्पायडर-मॅनने २००६ मधे सिव्हिल वॉरच्या दुसऱ्या अंकात जगासमोर मास्क काढला आणि २००७ संपता संपता जगाला ते आठवतच नाही अशी सोय करून टाकली. बॅरीही २००८ मधे परत आला. पण मला यावरून इव्हेंट खोटे असतात हे म्हणणं पटत नाही, कारण मधली वीसेक वर्षं वॉली वेस्ट फ्लॅश होता, बॅरीच्या बायकोच्या भाच्याने त्याचा पोशाख अंगावर चढवला आणि तो पेलायला शिकला, आणि एका अख्ख्या पिढीसाठी फ्लॅश म्हणजे वॉलीच. तसंच खेळणी विकण्यासाठी बनवलं हाही आरोप असतो, १९८४ चं सीक्रेट वॉर्स खेळण्यांच्या कंपनीसोबत मिळून केलेलं होतं हे खरंच आहे, तरी स्पायडर-मॅनचा काळा पोशाख कुठून आला ते त्याच्याच ८व्या अंकात आहे, आणि त्या पोशाखातून पुढे व्हेनम आला. धंद्यासाठी काढलं एवढ्यावरून सोडून देऊ नका.

आणि आपला माणूस सापडतच नसेल, पहिलीच वेळ असेल, तर २००६ ची अ‍ॅनायलेशन घ्या. एक प्रोलॉग, मग नोव्हा, सिल्व्हर सर्फर, सुपर-स्क्रल आणि रोनन यांच्या ४-४ अंकांच्या छोट्या सिरीज, मग ६ अंकांचं मेन युद्ध. म्हणजे युद्ध पेटेपर्यंत त्यातली माणसं तिनेच ओळखीची करून दिलेली असतात, मी नोव्हाचं नावही ऐकलं नव्हतं आणि त्याच्या सिरीजनंतर मला त्याची काळजी वाटायला लागली होती.

शेवटचा अंक संपल्यावर लगेच दुसऱ्या इव्हेंटला हात लावू नका. आपल्या माणसाचा त्यानंतरचा पहिला साधा अंक आधीच काढून ठेवा आणि त्याच दिवशी वाचा. सिव्हिल वॉरनंतर तो कॅप्टन अमेरिकाचा, म्हणजे स्टीव्हचा, २५वा अंक, २००७ चा. त्यात हजारोंच्या लढाया नाहीत, कोर्टाच्या पायऱ्या आहेत, हातात बेड्या घातलेला स्टीव्ह आहे आणि गर्दी आहे.