पीसी उशिरा सुरू होतो? आधी यूएसबीच्या वायरी काढून पाहा

हार्डवेअर सपोर्टच्या कामाला नव्याने लागलात की ‘पीसी चालू व्हायला फार वेळ घेतो’ ही तक्रार हमखास येणार. तिच्यावर थेट विंडोज नव्याने टाकणे हा शुद्ध आळस आहे. वेळ नेमका कुठे जातो ते आधी शोधा.

पॉवरचं बटण दाबल्यापासून विंडोजचे ठिपके फिरू लागेपर्यंतचा काळ बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा. त्यात विंडोजचा हात नसतो. हल्ली ठिपके कंपनीच्या लोगोखालीच फिरतात, त्यामुळे लोगो पाहून फसू नका. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर ‘लास्ट बायोस टाइम’ सेकंदांत दिसतो. तो लिहून घ्या. मग कीबोर्ड-माउस सोडून सगळं यूएसबी काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि आकडा पुन्हा पाहा. इथे नुसतं शटडाउन करून चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर साठवून ठेवते. रीस्टार्ट करा, नाहीतर शिफ्ट दाबून शटडाउन.

आकडा घसरला तर एकेक उपकरण परत लावत दरवेळी रीस्टार्ट करा. कंटाळवाणं आहे, पण दोन उपकरणं एकदम लावलीत तर गुन्हेगार सापडत नाही. पहिला संशय एक्स्टर्नल हार्ड डिस्क, कार्ड रीडर आणि हबवर घ्या. बायोस प्रत्येक यूएसबी उपकरणाला ओळख विचारतो आणि स्टोरेज असेल तर त्यात बूट करण्याजोगं, म्हणजे पीसी सुरू करू शकणारं, काही आहे का तेही बघतो. उत्तर आलं नाही की ठरावीक वेळ थांबतो, पुन्हा विचारतो. खराब सेक्टरवाली डिस्क इथेच सेकंद खाते. वीज कमी पडली तरी हेच होतं: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. ॲडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. म्हणून डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला आणि मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून पाहा. पुढच्या पोर्टची आतली वायर ढिली असू शकते.

उपकरण धडधाकट निघालं तर बायोसमध्ये बूट ऑर्डरला ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा आणि यूएसबी बूट बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) असलेल्या मशीनवर ते आधी सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या बूटला रिकव्हरी की मागितली जाऊ शकते आणि ती मालकाकडे असेलच असं नाही. ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ला मात्र सहसा हात लावू नका, ते बंद केलं की काही बोर्डांवर बायोसमध्ये कीबोर्डच चालत नाही.

उशीर ठिपक्यांनंतर होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’चा लॉग उघडा. इव्हेंट १०० मध्ये बूटचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो, १०२ मध्ये रेंगाळलेल्या ड्रायव्हरचं नाव. प्रिंटर-स्कॅनरचे जुने ड्रायव्हर इथे सापडतात.

लिनक्सवर दुखणं बहुधा उलटं असतं: डिस्क लावल्यामुळे नव्हे, काढल्यामुळे उशीर. एफएसटॅब (fstab) या, सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये तिची नोंद राहिली की सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) तिची ९० सेकंद वाट बघते. त्या ओळीत ‘नोफेल’ (nofail) लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही, आणि डिव्हाइस टाइमआउट ५ सेकंदांवर आणा.